डाव्या बाजूची मोजणी

म्हैसूरला लोक राजवाडा बघायला जातात, रेशमी साड्या घ्यायला जातात, अलीकडे योग शिकायलाही जातात. मी गेलो ते एका मुलीकडून होकार घ्यायला. माझ्या छातीच्या डाव्या बाजूची शीर कापून टाकणं बरोबर आहे, एवढंच तिनं म्हणायचं होतं. बाकी सगळं मी ठरवूनच निघालो होतो.

आधी या शिरेची हकिगत सांगतो. मी निवृत्त झालो त्याच वर्षी मला नागीण झाली. डाव्या काखेखालून निघून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा उठला. औषधं घेतली, फोड सुकले, खपल्या पडल्या. दुखणं मात्र तिथंच राहिलं. कातडीवर बघावं तर काही नाही आणि आत सतत जळतंय. मधूनच अशी कळ यायची की हातातला पेला खाली ठेवावा लागायचा. सगळ्यात वाईट हलका स्पर्श. शर्टाचं कापड वाऱ्यानं नुसतं हललं तरी जीव कासावीस व्हायचा. म्हणून मी मलमलचे ढगळ झब्बे घालू लागलो आणि डावं कोपर अंगापासून लांब धरून चालू लागलो. बाजारात लोक विचारायचे, हात मोडलाय का?

वाईच्या आमच्या घरात पंखा बंद झाला. पाहुणे कमी झाले. माझी बायको मंगल माझ्या उजव्या बाजूनंच यायची, उजव्या बाजूनंच वाढायची, चालताना उजवीकडेच असायची. लग्नकार्यांना ती एकटी जाऊन लवकर परत यायची. मला वाटायचं, हे सगळं ठीकच चाललंय.

मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस. कालव्याचा फाटा फुटून पाणी वाहायला लागलं की वरचं गेट बंद करायचं, मग दुरुस्तीचं बघायचं, हे माझ्या अंगात भिनलेलं. एका सर्जननी सांगितलं की ती शीर कापता येईल, पण दुखणं जाईलच याची खात्री देता येणार नाही. त्यातलं पहिलं वाक्य मी घट्ट धरलं. मंगलनं एकच अट घातली. "आधी वैदेहीला विचारू. ती याच विषयात काम करते."

वैदेही म्हणजे पद्माची मुलगी. मंगलची मावशी लग्न होऊन म्हैसूरला गेली, तिथल्या एका जुन्या मराठी घरात. पद्मा तिची लेक. जन्मली तिथंच आणि दिली तिथंच. यजमान गेल्यापासून मायलेकी दोघीच राहतात.

सरस्वतीपुरम

पद्माचं घर सरस्वतीपुरममधल्या एका आतल्या रस्त्यावर आहे. दुतर्फा झाडं, दारापुढं ठसठशीत रांगोळ्या, फाटकाशी स्कूटर. आपल्याकडे ज्या हवेला आपण छान गार म्हणू, त्या हवेत इथले पेन्शनर स्वेटर आणि कानटोपी घालून फिरायला निघतात. प्रत्येक स्वयंपाकघरातून ताज्या कॉफीचा वास येतो. चहा मागितला तर मिळतो, पण मागणाऱ्याला बरं नाही की काय, अशा काळजीनं मिळतो.

"या भाऊजी, या. बन्नी, बन्नी," पद्मा फाटकातच म्हणाली. "मंगलअक्का, किती बारीक झालीस गं. उन्हात उभं राहू नका की, आत या. काफी तयार आहे."

आणि कौतुकानं तिनं माझ्या पाठीवर, डाव्या बाजूला, हात फिरवला.

मी तिथंच पायरीवर बसलो. डोळ्यांपुढं अंधारी आली. पद्माचा हात तसाच हवेत राहिला. "अय्यो, काय केलं मी?" ती कुजबुजली. मंगलनं तिला बाजूला घेऊन सगळं समजावलं. जेवायला बसलो तेव्हा पद्मा उजव्या बाजूनं वाढत होती आणि तिनं पंखा बंद केला होता. आम्ही पोचून फारसा वेळ झाला नव्हता, तरी त्या घरानंही माझ्या दुखण्याचे नियम शिकून घेतले होते.

जेवण मात्र मन लावून केलेलं. हुळी म्हणजे त्यांची भाज्या घातलेली दाट आंबट आमटी, अननसाचं गोज्जु (आपण ज्याला रसातलं लोणचं म्हणू तसं काहीसं) आणि शेवटी दहीभात. दहीभाताशिवाय उठलं तर जेवण पुरं झालं असं कुणी मानत नाही. पद्माची मराठी ऐकताना मजा वाटत होती. वाक्य आपलं, पण मधेच कन्नडमध्ये शिरून पुन्हा परत येणारं. "स्वल्प घ्या की अजून. साकु म्हणू नका," असं म्हणत ती पळीभर वाढायचीच, त्यामुळं 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'साकु' म्हणजे पुरे, हे मला पानावरच कळलं.

वैदेही संध्याकाळी कामावरून आली. तिशीतली, बारीक चणीची, बोलायला मोकळी. मेंदूला दुखणं कसं कळतं, यावर तिचं संशोधन चालतं. मी चपला काढायलाही वेळ न देता तिला विचारलं.

"काका, माझं मराठी जरा कच्चं आहे," ती म्हणाली. "चुकीचं काही बोलून जाईन. उद्या सुट्टी आहे, फिरायला जाऊ आणि नीट बोलू. चालेल?"

कन्नंबाडी

कावेरीवरच्या धरणाला नकाशात वेगळं नाव असलं तरी म्हैसूरचे लोक त्याला कन्नंबाडीच म्हणतात, तिथल्या जुन्या गावाच्या नावानं. बाहेरून येणारे खालच्या बागेतली कारंजी बघतात. मी भिंत बघत राहिलो. एवढं दगडी काम, इतक्या वर्षांनी, इतकं सरळ. बागेतल्या पाण्याच्या पाटाशी बाकावर बसलो आणि वैदेहीनं विषय काढला.

"मी उपचार सांगणारी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण तुमच्या भाषेत विचारू? कालव्याचं गेट कोण उघडतं?"

"गेटवरचा माणूस."

"त्याला कोण सांगतं?"

"ऑफिस. खालून मागणी येते, वरून साठा किती ते कळतं, त्यावर ठरतं."

"दुखण्याचंही तसंच आहे. कातडीवरून बातमी निघते. पाठीच्या कण्यात गेट लागतं. बातमी किती आत सोडायची, हे मेंदू वरून सांगत असतो. खेळताना पाय फुटलेल्या पोराला घरी येईपर्यंत दुखत नाही, कारण तेव्हा गेट वरून बंद असतं. तुमचं उलटं झालंय. नागिणीनं शीर खराब केली, हे खरंच. पण इतके महिने बातम्या येत राहिल्या की गेट उघडंच राहायला शिकलं, आणि मेंदूनं त्या जागेवर पहारा बसवला. कापड हललं तरी तो ओरडतो."

"म्हणून तर म्हणतो, खालचा फाटाच तोडा."

"तोडला आणि ऑफिस तरीही ओरडत राहिलं तर? काही लोकांची जागा बधिर होते आणि त्या बधिर जागेतच दुखत राहतं. कापलेली शीर परत जोडता येत नाही, काका."

मला राग आला. आवाज चढला असणार, कारण शेजारच्या बाकावरचं कुटुंब आमच्याकडे बघू लागलं. "म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे, असं म्हणायचंय तुला?"

"नाही," ती शांतपणे म्हणाली. "मेंदूत होतं म्हणजे खोटं असतं का? दिसणंही मेंदूतच होतं. म्हणून समोरचं धरण खोटं आहे का?"

मी पुन्हा त्या भिंतीकडे बघितलं.

मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. मेंदूत दुखण्याचं असं एकच ऑफिस नसतं. कुठं दुखतं आणि किती, हे काही भाग बघतात. ते किती वाईट आहे, हे ठरवण्यात दुसरे भाग असतात. वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्या भिक्षूंच्या हाताला चटका दिला तर चटका आपल्याइतकाच जाणवतो, असं ते सांगतात. मात्र तो त्यांना आपल्याइतका नकोसा होत नाही. "आमच्या कामात मदत करणारे एक भिक्षू आहेत. पेरियापट्टणच्या पुढं तिबेटी वसाहत आहे, तिथं राहतात. भेटता का?"

"मी प्रवचन ऐकायला आलेलो नाही," मी म्हणालो.

मंगल इतका वेळ पाण्याकडे बघत होती. तिनं मान वळवली नाही. "मला जायचंय," ती म्हणाली.

तिनं स्वतःसाठी काही मागितल्याला किती काळ लोटला होता, ते मला आठवेना.

पेरियापट्टणच्या पुढं

दुसऱ्या दिवशी वैदेहीनं रजा काढून आम्हाला गाडीतून नेलं. हुणसूर मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबाखूची आणि मक्याची शेतं लागतात. मग एका वळणावर एकदम रंगीत कापडी पताकांच्या माळा दिसतात, पाट्यांवर कन्नडच्या जोडीला तिबेटी अक्षरं येतात आणि लाल वस्त्रं नेसलेला एक भिक्षू मोटारसायकलवरून, मागं गॅसची टाकी बांधून, तुमच्या गाडीला मागं टाकून जातो. मंदिरातल्या मोठ्या सोनेरी मूर्तींसमोर मंगल बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मी खांबाच्या आडोशाला होतो. तिथं सहलीला आलेली गर्दी होती आणि मला कुणाचा धक्का नको होता.

वैदेहीच्या ओळखीचे ते भिक्षू म्हणजे लोब्सांगजी. त्यांची खोली मठाच्या मागच्या चाळीत. साठीपुढचे, जाडजूड, सतत मिश्कील चेहरा. जन्म या वसाहतीतलाच, त्यामुळं कन्नड अस्खलित. ते कन्नडमध्ये बोलायचे आणि वैदेही आम्हाला मराठीत सांगायची. त्यांनी खारट लोण्याचा चहा दिला. आपल्या जिभेला तो पहिल्या घोटाला सारासारखा लागतो. चहा म्हणून प्यायला तर अवघड, सार म्हणून प्यायला तर चांगला. चहाबरोबर त्यांनी उशाशी ठेवलेल्या डब्यातून एक गोळी काढली आणि तोंडात टाकली.

"कसली गोळी?" मी विचारलं.

"गुडघ्यांची. दुखतात."

मी वैदेहीकडे बघितलं. मला जरा विजय मिळाल्यासारखं झालं. "विचार त्यांना. ध्यान करून गुडघे राहत नाहीत?"

प्रश्न ऐकून ते मनापासून हसले. "गुडघ्याची गादी झिजली आहे. ध्यानानं ती कशी येईल?" मग त्यांनी दोन्ही हातांनी एक गुडघा उचलून नीट ठेवला आणि सांगितलं, "बुद्धांनी दोन बाणांची गोष्ट सांगितली आहे. माणसाला एक बाण लागतो. तो शरीराचा. म्हातारपण, आजार, पडणं. तो सगळ्यांनाच लागतो, मलाही. मग माणूस म्हणतो, मलाच का, आता कसं होणार, हे कधी संपणार. तो दुसरा बाण. तो आपणच मारतो, त्याच जखमेत. पहिल्यासाठी मी गोळी घेतो. दुसऱ्यासाठी बसतो."

बाणाला कन्नडमध्येही बाणच म्हणतात, त्यामुळं मला हे वैदेहीनं सांगायच्या आधीच निम्मं कळलं होतं.

"आणि वेदना?" मंगलनं विचारलं. ती बोलेल असं मला वाटलं नव्हतं. "वेदना कुठल्या बाणात?"

तो शब्दही त्यांना ओळखीचा निघाला. ते म्हणाले की आता सगळीकडे वेदना म्हणजे दुखणं, पण बुद्धांच्या भाषेत वेदना म्हणजे जे जाणवतं ते. ते सुखाचं असतं, दुःखाचं असतं, आणि दोन्ही नसलेलंही असतं. "लोकांना तिसरी दिसतच नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही काय काम करायचात?"

"कालवे बांधायचो. त्याआधी जमिनीची मोजणी."

"मग दुखण्याची मोजणी केलीत?"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते खरंच विचारत होते. कुठून सुरू होतं? कुठं संपतं? कड सरळ आहे की वाकडी? एका जागी राहतं की सरकतं? "घालवायला जाऊ नका. फक्त बघून मला सांगा."

आता मोजणीत मी कुणाला ऐकत नाही. डोळे मिटले आणि कामाला लागलो. माझी समजूत अशी होती की काखेपासून पाठीपर्यंत तळहाताएवढा रुंद, सलग, पेटलेला पट्टा आहे. जागेवर जाऊन बघितलं तर तसं नव्हतं. एक तुकडा काखेखाली होता, दुसरा पाठीकडं. दोहोंच्या मधे चक्क काही दुखत नव्हतं. काखेखालच्या तुकड्याची वरची कड स्पष्ट होती, खालची विरघळत गेलेली. जळणंही एकसारखं नव्हतं. चढत होतं, उतरत होतं. मग कळ आली. मी दात आवळले, आणि ते आवळलेलेही मला दिसले. कळ गेली. आणि गेल्यानंतर जे उरलं ते बघून मी चकित झालो. दुखत फारसं नव्हतं, पण मी अंग ताठ करून पुढच्या कळेची वाट बघत बसलो होतो. माझा दिवसाचा बराचसा वेळ या वाट बघण्यात जात होता आणि तो सगळा मी दुखण्याच्या खात्यावर टाकत होतो.

हे मी जसंच्या तसं सांगितलं. आणि हेही सांगितलं की दुखणं रतीभरही कमी झालेलं नाही.

"कमी करायला सांगितलं नव्हतं," लोब्सांगजी म्हणाले आणि त्यांनी माझा पेला पुन्हा भरला.

बेट्टदपुर

परतीला मंगलनं दुसरी इच्छा सांगितली. पद्मानं तिला बेट्टदपुरच्या डोंगरावरच्या मल्लिकार्जुनाबद्दल सांगितलं होतं. त्याला सिडिलु मल्लिकार्जुन म्हणतात. सिडिलु म्हणजे वीज, आणि देवळावर वीज उतरते अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. आमच्याकडे डोंगरावरचा देव म्हटलं की निम्म्या वाटेपर्यंत तरी गाडी जाते. इथं गावातूनच दगडी पायऱ्या सुरू होतात आणि सरळ आभाळात जातात. वरपर्यंत जाणं आमच्या वयाला झेपणारं नव्हतं. पहिल्या मंडपापर्यंत जाऊन नमस्कार करून येऊ, असं ठरलं. वैदेहीला कामाचा फोन आला म्हणून ती खाली गाडीपाशीच थांबली.

मंडपातून खालची शेतं, तळी, लाल कौलांची घरं पार लांबपर्यंत दिसत होती. वारा जोराचा होता. झब्बा फडफडत होता आणि मी तो डाव्या हातानं अंगापासून लांब धरून उभा होतो. उतरायला लागलो, तेवढ्यात एका माकडानं मंगलच्या हातातल्या केळ्यांच्या पिशवीवर झेप घेतली. ती दचकून मागं सरली, पायरी चुकली आणि उजवा पाय मुरगळून खाली बसली.

घोटा बघता बघता सुजला. आसपास कुणी नव्हतं. फोन लावला तर वैदेहीचा लागेना. मी मंगलला उठवली आणि नेहमीप्रमाणे माझ्या उजवीकडे घेतली. दुखरा पाय बाहेरच्या बाजूला आला, त्याला आधार राहिला नाही, आणि दुसऱ्याच पायरीवर ती पुन्हा कोलमडली. दुखऱ्या पायाच्या बाजूला आधार हवा, हे कुणालाही कळेल. म्हणजे तिनं माझ्या डावीकडे यायला हवं होतं.

"या बाजूला ये," मी म्हणालो.

"नको. आपण थांबू. वैदेही येईल."

"मंगल, ये."

तिनं हात माझ्या पाठीमागून घातला, पण बोटं अंगाला लागू देईना. तशी ती झब्ब्याला धरून चालायला लागली. कापड घासलं आणि अशी कळ निघाली की मी थांबलो. तिनं हात काढून घेतला.

"असं नको," मी म्हणालो. "घट्ट धर."

"तुम्हाला सहन नाही व्हायचं."

"ते मी बघतो. तू घट्ट धर."

तिनं धरलं. पूर्ण भार टाकला. तिचं अंग माझ्या बरगड्यांवर दाबून बसलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही एक पायरी उतरलो. मग पुढची. मी दुसरं काही करू शकत नव्हतो, म्हणून मोजणी सुरू केली. काखेखाली पेटलंय. पाठीकडं पेटलंय. मधे काय आहे? मधे मंगलचा हात आहे. पुढची पायरी. पुन्हा कळ येणार, असं मन म्हणायला लागलं, ते म्हणणंही बघितलं. काही पायऱ्या उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की घट्ट दाबाखाली ते जळणं वाढत नाही. उलट थोडं बसतंय. फडफडणाऱ्या मलमलीपेक्षा बायकोचा भार सोसायला सोपा होता, आणि मी हे इतक्या काळात करून बघितलंच नव्हतं.

खाली पोचेपर्यंत दोघंही घामानं निथळत होतो. मंगल गाडीत बसली आणि रडायला लागली. वैदेही घाबरून तिचा पाय बघायला वाकली.

"पाय नाही गं," मंगल म्हणाली. "पाय बरा आहे."

वैदेही एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून गाडी चालवायला बसली. हुणसूर जवळ आल्यावर मी तिला पायऱ्यांवरचं सगळं, त्या दाबाचंही, सांगितलं. ती म्हणाली की हलकं घासणं आणि घट्ट दाब या मेंदूच्या लेखी दोन वेगळ्या बातम्या आहेत, आणि सगळ्यांचं नाही पण काहींचं असं होतं. "आणि काका, 'ये' असं तुम्ही स्वतः म्हणालात. अचानक लागलेला हात आणि आपण बोलावलेला हात, यातही मेंदू फरक करतो."

मंडी मोहल्ला

घोटा मोडला नव्हता. डॉक्टरांनी पट्टी बांधून विश्रांती सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी उप्पिट्टु, म्हणजे आपला उपमाच, खाताना मी सांगून टाकलं की शीर कापायची नाही. घरी जाऊन दुखण्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवायचं. पद्मानं देवापुढं दिवा लावला. मंगल फक्त म्हणाली, "चटणी घ्या."

अंगाला घट्ट बसणारी, न हलणारी बंडी शिवून बघावी, ही सूचना वैदेहीची. त्यासाठी पद्मा मला मंडी मोहल्ल्यातल्या तिच्या माहितीच्या शिंप्याकडे घेऊन गेली. तिथले गल्लीबोळ म्हणजे धान्याची पोती, सुक्या मिरच्यांचा ठसका, हातगाड्या, आणि त्यातून वाट काढणारी माणसं. दुकानात विठ्ठलाची तसबीर आणि तिच्याखाली शिवणयंत्रावर पांडुरंगराव. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडं आलेलं.

"बन्नी सर, बसा. वाईचे म्हणता? कधी बघितलं नाही मी तिकडचं. घरी मराठीच बोलतो की आम्ही, पण पोरांना नुसतं कळतं, बोलायला लाजतात." बोलता बोलता ते टेप घेऊन पुढं आले.

मी हात वर केला आणि काय दुखणं आहे ते सांगितलं. कुणा परक्याला मी हे पहिल्यांदाच न चिडता सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं, टेपचं टोक माझ्याच हातात दिलं आणि म्हणाले, "मत्ते, मग तुम्हीच धरा त्या बाजूला. घाई नाही."

मी टेप दाबून धरली. त्यांनी माप वाचलं. घट्ट हवं म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. "या वयाला सगळे सैल मागतात, सर."

"मीही सैलच घालत होतो," मी म्हणालो.

परत निघायच्या आदल्या दिवशी बंडी तयार झाली. मऊ, ताणलं जाणारं कापड, आणि शिवणी बाहेरच्या अंगाला. घातल्या घातल्या चांगलं दुखलं. मी स्टुलावर बसून राहिलो. पांडुरंगराव यंत्र चालवत राहिले. हळूहळू जळणं खाली बसलं, तेव्हा मी वरून साधा शर्ट चढवला. पद्मा जवळच्या दुकानात गेली होती. तिला शोधायला मी एकटाच गर्दीत शिरलो. एका हमालाचं पोतं माझ्या डाव्या कुशीला घासून गेलं. कळ आली. मी भिंतीशी थांबलो, ती कुठून कुठं गेली ते बघितलं आणि पुढं चालू लागलो. पुढं एक बाई मोगऱ्याचे गजरे विकत बसली होती. म्हैसूरचा मोगरा लहान, पण वास मोठा. मंगलसाठी दोन गजरे घेतले.

वाईला येऊन आता बरेच महिने झाले. नव्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत आणि त्यांचा थोडा उपयोग आहे. सकाळी अर्धा तास मी शांत बसतो. काही दिवस दोन्ही बाण लागतात. मग मी चिडतो, आणि चिडलोय हे मंगल मला सांगते. मागच्या आठवड्यात तिची बहीण मुलाबाळांसकट राहून गेली. पोरं पंखा पूर्ण जोरात लावून हॉलमध्ये झोपली होती आणि मी तिथंच पेपर वाचत होतो.

दुखणं गेलेलं नाही. ते माझ्या छातीच्या डाव्या बाजूला आहे. पूर्वी ते घरभर होतं.